दानपेटीचं कुलूप आणि नाक्यावरची पोरं

(विहाराच्या वर्धापन दिनी स्वयंसेवक गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्ही मागे असतो. खुर्च्या मांडणे, चपलांवर लक्ष ठेवणे, खीर वाटणे ही आमची कामं. यंदा कमिटीने आम्हाला माइकपुढे उभं केलं आणि 'युवकांना मार्गदर्शन' असा विषय दिला. विषय चांगला आहे, स्मरणिकेत शोभेल असा. पण गेल्या सात वर्षांत आम्ही मार्गदर्शन असं फारसं केलेलं नाही. जे केलं ते सांगतो. आणि सुरुवात दानपेटीपासूनच करतो, कारण आम्ही पोरांचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांसमोर दानपेटीच येणार, हे आम्हाला ठाऊक आहे.

गेल्या वर्षावासात ग्रंथपठण संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीचं कुलूप तुटलेलं सापडलं. पैसे फार नव्हते, पण विहारातली पेटी फुटली ही गोष्टच मनाला लागणारी. संध्याकाळी हॉलमध्ये बसणारी पोरं कोण? आमची. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार? त्याच रात्री एका पोराचा फोटो मोबाईलवर चाळीच्या ग्रुपमध्ये फिरला, खाली 'हाच तो' असं लिहिलेलं. त्याची आई कंत्राटी सफाईकामाला जाते. ती पोराचं मनगट धरून भर मीटिंगमध्ये आली आणि म्हणाली, "झडती घ्या याची. माझ्या घराचीबी घ्या." कुणी घेतली नाही. कुणी बोललंही नाही. पेटी कुणी फोडली ते आजपर्यंत कळलेलं नाही. पोरानेच फोडली नसेल, असं छातीठोक आम्हीही सांगत नाही. पण तीन आठवडे एकही पोरगा विहाराची पायरी चढला नाही, आणि रात्री आठनंतर हॉलला कुलूप लावायचा ठराव कमिटीपुढे आला, तो अजून तसाच पडून आहे. आज तो विषय आम्ही जाणूनबुजून काढतो आहोत.

बाबासाहेबांची एक आठवण आपल्यापैकी जुन्या माणसांनी वाचली असेल. ती त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. साताऱ्याला असताना, आई नसलेल्या त्या पोराच्या मनात आलं की बापावर भार नको, मुंबईला पळून जावं आणि गिरणीत पोऱ्या म्हणून लागावं. साताऱ्याची मुलं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत जात. भाड्याला पैसे हवेत म्हणून त्यांनी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवायचं ठरवलं. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली आणि आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? तिथे त्यांनी तो बेत सोडला आणि अभ्यासाकडे वळायचा निश्चय केला.

ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सहसा सांगत नाही. संकोच वाटतो. पण एवढ्या मोठ्या माणसाने ती लपवली नाही, हे लक्षात घ्या. त्या पिशवीत भाड्यापुरते पैसे निघाले असते तर तो मुलगा कुठे गेला असता, हा विचार आम्हाला नाक्यावरून जाताना हटकून येतो. आणि पिशवीला हात घातला म्हणून त्या पोराला कुणी 'हाच तो' म्हणून गावभर दाखवलं असतं तर?

आता आपल्या चाळींचं बघा. एकशे साठ चौरस फुटांची खोली. त्यात मोरी, पोटमाळा, कपाट, देव्हारा असायचा तिथे आता बाबासाहेबांचा फोटो, आणि सहा-सात माणसं. काही इमारती पडल्या, टॉवर उभे राहताहेत, काहींना चाव्या मिळाल्या, काही वाट बघताहेत. पण ज्यांची वाढ त्या खोलीत झाली त्यांना ठाऊक आहे की सोळा वर्षांच्या पोराला घरात पाय पसरायला जागा नसते. बाप रात्रपाळीचा असेल तर दिवसा घरात आवाज करायचा नाही. मग पोरगा पॅसेजमध्ये, पॅसेजमधून जिन्यात, जिन्यातून नाक्यावर. तो बिघडला म्हणून नाक्यावर जात नाही, आधी नाक्यावर जातो, कारण तिथे जागा असते! नाक्यावर त्याला नावाने हाक मारणारं, चहा पाजणारं, 'काय रे जेवलास का' विचारणारं कुणीतरी भेटतं. दुर्दैवाने ते कोण, हे तुम्हालाही माहीत आहे. आधी पुडी पोचवायला सांगतात, मग बटन गोळ्या, मग एम.डी.

ज्येष्ठांनी १९८२ पाहिलेलं आहे. १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. बापाची पाळी गेली आणि त्याबरोबर पोराला बापाच्या जागी लावायची सोयही गेली. तेव्हा गिरणगावातली किती पोरं टोळ्यांकडे गेली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण प्रत्येक चाळीत दोन-चार नावं अजून दबक्या आवाजात घेतली जातात. त्या पोरांना वाईट मार्ग शिकवणारी माणसं रोज भेटत होती. चांगला मार्ग सांगणारी माणसं १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला भेटत होती. फरक एवढाच होता.

आमचीही सुरुवात तशीच झाली, खोटं कशाला बोला. पहिल्या वर्षी आम्ही शिबिर घेतलं. फ्लेक्स लावला, पाहुणे आणले, व्यसनमुक्तीवर भाषण झालं, पोरांना वह्या आणि प्रशस्तिपत्रं दिली. पोरांनी वह्या घेतल्या आणि बाहेर जाऊन पुडी फोडली. मग आम्ही ठरवलं की भाषण बंद. एकाने एक किंवा दोन पोरं धरायची आणि दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता विहारात यायचं. पाऊस असो, मॅच असो, पाच म्हणजे पाच. पोरगा आला तर त्याच्याशी बोलायचं, नाही आला तर त्याच्या घरी जाऊन 'आज आला नाहीस' एवढंच सांगून परत यायचं. उपदेश नाही. दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसला जायचं असेल तर सोबत जायचं, आयटीआयचा फॉर्म भरायचा असेल तर भरायचा, कॅरम खेळायचा असेल तर खेळायचा. कॅरममध्ये आम्ही फार हरलो.

पहिले तीन-चार महिने पोरगा तुमची परीक्षा बघतो. उशिरा येतो, खोटं सांगतो, पन्नास रुपये मागतो, शिवी देऊन बघतो. त्याला एवढंच पाहायचं असतं की हा माणूस कधी कंटाळतो. आजवरची सगळी कंटाळलेली असतात.

इथे आमची एक चूक कबूल करायची आहे. आमच्यातल्या एकाने चौदा वर्षांचा एक पोरगा धरला होता. पोराचं नाव सांगत नाही. कायदाही सांगू देत नाही आणि आम्हालाही सांगायचं नाही. अडीच महिने चांगलं जमलं. पोरगा शाळेत परत जायला लागला. मग आमच्या त्या गड्याची नोकरीत बदली झाली आणि तो गेला. घाईत गेला, पोराला धड सांगितलंही नाही. आम्ही म्हटलं, आपल्यापैकी कुणीतरी बघेल. कुणीतरी म्हणजे कुणीच नाही. पुढचे पाच-सहा रविवार तो पोरगा पाचच्या आधी येऊन पायरीवर बसायचा, आम्हाला दिसायचा, आणि साडेपाचला उठून जायचा. एकदा विचारलं, "दादा कधी येणार?" आम्ही म्हटलं, "येईल." पुढे तो यायचा थांबला. आठ महिन्यांनी एका चोरीच्या मोटरसायकलच्या प्रकरणात त्याचं नाव कानावर आलं.

आमच्या गटातली एक ताई समाजकार्याचं शिक्षण घेतलेली आहे. तिने तेव्हा आम्हाला दोन अभ्यास समजावून सांगितले. दोन्ही अमेरिकेतले आहेत, पण ऐकण्यासारखे आहेत. तिथे अशा मुलांना मोठ्या माणसाची सोबत देण्याची प्रथा १९०४ पासूनची आहे. न्यूयॉर्कच्या मुलांच्या कोर्टातल्या कूल्टर नावाच्या कारकुनाने ती सुरू करून दिली. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी २००२ साली असं मांडलं की सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली तर मुलाचा फायदा होतो, पण तीन महिन्यांच्या आत तुटली तर मुलाचा स्वतःवरचा विश्वास होता त्यापेक्षाही खाली जातो. म्हणजे अर्ध्यावर सोडणाऱ्यापेक्षा न आलेला बरा! दुसरा अभ्यास त्याहून कठीण. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून पाचशे सहा मुलं घेतली, निम्म्यांना सल्लागार दिले, निम्म्यांना नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी त्या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ साली छापलं की सल्लागार मिळालेल्यांची गत उलट वाईट होती. दारू, आजार, पुन्हा पुन्हा गुन्हे, सगळ्यात. आणि त्यातल्याच बहुतेकांनी सांगितलं होतं की त्या कामाची आम्हाला मदत झाली! असं का झालं यावर जाणकारांत वाद आहे. आम्ही त्यातून आमच्यापुरतं एवढं घेतलं की मन चांगलं आहे म्हणून काम चांगलं होतंच असं नाही. तेव्हापासून आमच्यात नियम आहे. वर्षभर येणार असशील तरच पोरगा धर, नाहीतर खुर्च्या मांड. जायचंच झालं तर महिनाभर आधी पोराला सांग आणि दुसऱ्याच्या हातात त्याचा हात देऊन जा.

आणखीही नियम आहेत, ते थोडक्यात. बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, हॉलचं दार उघडं. पोराच्या आईला सगळं माहीत पाहिजे. उसने पैसे द्यायचे नाहीत. मुलींच्या सोबतीला ताईच. आणि मुलींबद्दल जरा ऐका. मुली नाक्यावर दिसत नाहीत म्हणून त्यांना धोका नाही असं आपण समजतो. त्या दिसत नाहीत कारण दहावीनंतर त्या घरकामाला लागलेल्या असतात किंवा त्यांच्यासाठी स्थळ बघणं चालू असतं. आमच्या दोन ताया अकरा मुलींकडे बघतात. हे काम दोघींचं नाही.

भंतेजींनी आम्हाला एकदा विचारलं होतं, तुम्ही या कामाला काय नाव देता? आम्ही इंग्रजी शब्द सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "आपल्याकडे याला कल्याणमित्र म्हणतात." आनंदांना वाटत होतं की चांगली मैत्री म्हणजे निम्मं धम्मजीवन, आणि भगवंतांनी त्यांना दुरुस्त केलं की निम्मं नव्हे, सगळंच. त्या दिवसापासून आम्ही तो इंग्रजी शब्द सोडला.

बाबासाहेबांनाही असा माणूस भेटला होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. परळच्या एका खोलीत अभ्यासाला जागा नाही, सुभेदार रामजी पहाटे दोनला पोराला उठवणार, ते सगळं आपल्याला पाठ आहे. पण तो पोरगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा आणि तिथे केळुसकर गुरुजी त्याला रोज पाहायचे, हे जरा थांबून बघा. ते दुसऱ्या शाळेचे शिक्षक. पोरगा त्यांच्या वर्गातला नाही, जातीतला नाही. ते आपणहून जवळ गेले, कोण कुठला विचारलं, पुस्तकं दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. ते सगळे सांगतात. आम्हाला त्याच्या पुढचं जास्त मोलाचं वाटतं. इंटरनंतर शिक्षण अडलं तेव्हा हेच गुरुजी त्या मुलाला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्हणजे बागेत भेटलेला माणूस काही वर्षांनीही सोबत होताच.

आता थोडं कायद्याचं, कारण रात्री अकरा वाजता पोलीस आले की आपल्या चाळीत रडारड होते आणि कुणाला काही सुचत नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. 'बालगुन्हेगार' हा शब्द कायद्याने कधीच टाकून दिला. कायद्यात आता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यात 'गुन्हेगार' नाही. अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तुरुंगात तर नाहीच. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. पोराच्या वयाचा शाळेचा दाखला घरात हाताशी ठेवा. त्या रात्री तो शंभर शिफारशींपेक्षा जास्त उपयोगी पडतो. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मामला वेगळा होतो, तिथे लगेच वकील गाठा. आणि मोबाईलवर अशा पोराचा फोटो किंवा नाव फिरवणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. दानपेटीच्या रात्री ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला ते आज इथे बसलेले आहेत. आम्ही नावं घेत नाही.

आमच्यापैकी दोघे-तिघे वर्षातून चार-पाच वेळा डोंगरीला जातो. हार्बरने सॅण्डहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत जायचं. पूर्वी डोंगरीत तुरुंग होता. टिळक आणि आगरकर १८८२ साली एकशे एक दिवस तिथे होते. आज तिथलं निरीक्षण गृह म्हणजे पेपरवाल्यांचं 'सुधारगृह' आणि पोरांचं नुसतं 'डोंगरी'. "डोंगरीला गेलता" असं पोरं एकमेकांत जरा मिजाशीतच सांगतात. आत गेल्यावर ती मिजास दिसत नाही. परिविक्षा अधिकारी घरची चौकशी करून अहवाल देतात आणि मंडळ बघतं की या पोराला बाहेर सोडलं तर तो कुणाच्या संगतीत जाणार. कायद्यात जामिनाच्या आड येणारी जी थोडी कारणं आहेत त्यांत ही संगत आहे. आई पदराने डोळे पुसत उभी असते, बाप नसतो किंवा पिऊन आलेला असतो. अशा वेळी बाकावर आणखी एक माणूस बसलेला असणं, 'मी याला ओळखतो, दर रविवारी भेटतो' एवढं सांगणारा, याने फरक पडतो. आम्ही तो पडताना पाहिला आहे. नेहमी पडतो असं नाही.

अंगुलिमालाची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वक्ते ती नेहमी तिथेच संपवतात, जिथे तो हत्यार टाकून भगवंतांच्या चरणी बसतो. टाळ्या पडतात. पण सुत्तात पुढे आहे की भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत आला. आणि भगवंत तिथे होते. सुधारलेल्या पोराला दगड मारणारे श्रावस्तीत होते तसे आपल्या चाळीतही आहेत. आपला प्रश्न असा आहे की तो रक्ताळून परत येईल तेव्हा विहाराचं दार उघडं असेल की आठनंतर कुलूप असेल?

पायरीवर वाट बघणारा तो पोरगा आता सतरा वर्षांचा आहे. दानपेटीच्या वेळी ज्याचा फोटो फिरला तोही तोच. तीन आठवडे कुणीच आलं नव्हतं, चौथ्या रविवारी पहिला तोच आला. पाचला पाच कमी होते. त्याने कॅरमचा बोर्ड काढला, पावडर टाकली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "तुमचे तरी पैसे गेले नाहीत ना?" आम्हाला त्यावर उत्तर सुचलं नाही. खेळायला बसलो.

कमिटीपुढे आमची विनंती एवढीच आहे की तो ठराव मागे घ्यावा आणि हॉल रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा. किल्ली आमच्याकडे द्या. रोज दोघे थांबतील, वहीत सही करतील. पेटी रोज संध्याकाळी खजिनदारांच्या घरी ठेवावी, म्हणजे मोहही नको आणि संशयही नको. पुन्हा काही गेलं तर आधी आम्हाला विचारा, नंतर ग्रुपवर टाका.

आम्ही सात जण आहोत आणि मुली धरून तीस पोरं आहेत. हिशेब तुम्हीच करा. सगळ्यांनी यावं असं म्हणत नाही. ज्याला वर्षभर रविवारी पाच वाजता येता येईल त्यानेच यावं. निवृत्त झालेले काका चालतील, मावशी चालतील. गिरणीची पाळी ज्यांनी तीस वर्षं चुकवली नाही त्यांना वेळ पाळायला आम्ही काय शिकवणार!

आणि एक ताबडतोबीचं काम. येत्या मंगळवारी त्या मोटरसायकलच्या प्रकरणाची डोंगरीला तारीख आहे. त्याच्या आईला त्या दिवशी रजा मिळत नाही, अर्धा दिवसच मिळतोय. आमच्यातला एक जण जाणार आहे, सोबत आणखी एक मोठं माणूस हवं. सकाळी साडेनऊला नाक्यावरून निघायचं. खीरदान झाल्यावर आम्ही चपलांच्या स्टँडपाशी उभे आहोत.

नमो बुद्धाय. जयभीम.